बाराव्या वर्षाची माळ

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सानुकाकू,

तुम्हाला पत्र लिहिण्याचा माझा काहीही अधिकार नाही, हे जाणून लिहीत आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आठ वर्षे तुम्ही आमच्या घरासमोरच्या इमारतीत राहता. या आठ वर्षांत मी तुमच्याशी बोललेली वाक्ये मोजायला दोन हातांची बोटे पुरतील, आणि त्यांतली निम्मी 'आई घरी नाही' अशीच निघतील.

तुमचा क्रमांक तुमच्या न्हुजाच्या बाबांनी दिला. परंतु फोन कानाला लावला की मला एक वाक्य धड बोलता येत नाही. म्हणून वहीच्या कागदावर लिहून त्याचे छायाचित्र पाठवीत आहे. तुम्ही उलट फोन केलात तर मी उचलणार नाही. त्याबद्दलही आताच क्षमा.

तुमच्या सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले म्हणून तुम्ही दिवाळीनंतर नेपाळला, खोकन्याला गेलात. तेव्हापासून न्हुजा शाळेतून आमच्याकडे येते, आणि बाबा एमआयडीसीतली पाळी संपवून येईपर्यंत मी तिचा अभ्यास घेते. गेल्या मंगळवारी तिने वर्गात निबंध वाचला. विषय होता 'माझ्या घरची एक रीत'. त्यातला उतारा जसाच्या तसा देते :

'आम्ही नेवार, मूळचे नेपाळचे. आमच्यात दोन, चार, सहा, आठ, दहा आणि बारा या वाढदिवसांना मुलांच्या गळ्यात योमरीची माळ घालतात. योमरी म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला गोड मासा. त्याच्या पोटात गूळ आणि तीळ असतात आणि त्याला लांब शेपटी असते. जितकी वर्षे तितक्या योमऱ्या. बारानंतर माळ नाही.'

वर्ग हसला. कीर्ती नावाच्या मुलीने विचारले, "म्हणजे गळ्यात मोमो?" तेव्हापासून न्हुजाला वर्गात मोमो म्हणतात. घरी येऊन तिने निबंधाचे चार तुकडे केले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "यंदा बारावा. शेवटचा. आई नाय, आजी पण नाय. बरं झालं."

ते 'बरं झालं' मला ऐकवेना. काकू, मी विचार न करता बोलणाऱ्यांपैकी नाही. बहुधा विचार करून झाल्यावरही बोलत नाही. पण त्या क्षणी मी म्हणाले, "मी करीन."

दहावीला शाळेत पहिली आलेली मी चहापलीकडे काही करू शकत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, माझी आई विठाबाई हळदीच्या कार्यांना दीडदीडशे तांदळाच्या भाकऱ्या एका बैठकीत करून देते. मी तिच्यामागे बसून वाचीत असते. मी मदत मागितली तेव्हा ती म्हणाली, "बोल तू दिलास गो. आता हात पन तुझाच लागंल." आणि पुढे, "पुस्तकान वाचून भाकर फुगत नाय."

न्हुजाचा वाढदिवस चार डिसेंबरला आहे. मला पंचवीस दिवस आहेत. कृपया कृती कळवावी.

आपली नम्र,
तेजस्वी

पाठविले : रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी ११ वाजून २० मिनिटे


खोकना, ललितपूर
१३ नोव्हेंबर

लाडक्या तेजस्वीला सानुकाकूचा आशीर्वाद.

अगं, पत्र लिहायला कसली माफी? मी ते तीनदा वाचलं. इथे मराठी बोलायला कोणी नाही. काल अंगणातल्या कोंबडीला "हो बाजूला" म्हटलं, तेवढंच. मी मराठी न्हुजाच्या पुस्तकांतून शिकले, ती शिकली तशी. म्हणजे माझं शिक्षण सहावीपर्यंत झालंय. चुका दिसल्या तर लाल पेनाने गोल कर. आणि तू वेळ काय लिहितेस गं खाली, पेपर सुरू झाल्यासारखी!

न्हुजा मला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगते. मोमोचं काही बोलली नाही. माझी लेक माझ्यापासून लपवायला शिकली, आता खरंच बारा वर्षांची झाली म्हणायची.

ऐक. योमरी सोपी असते. तांदळाचं पीठ, कढत पाणी, गोळा. गोळ्यात बोट घालून लांब पोकळ टोपी करायची. बंद टोक बारीक काढायचं, तीच शेपटी. आत चाकू भरायचा. घाबरू नको, चाकू म्हणजे आमच्याकडचा आटवून घट्ट केलेला काळा गूळ. तिथे तो मिळणार नाही, चिक्कीचा गूळ घे. भाजलेले तीळ कुटून घाल. तोंड चिमटीने बंद कर, वाफव. तुमच्या उकडीच्या मोदकासारखंच समज, फक्त लांब. कळ्या नाहीत, म्हणजे उलट काम कमी!

मी तर डोळे मिटून करते. व्हिडिओ पाठवला असता, पण हात पिठात असताना फोन कोण धरणार? सासूबाई पडून आहेत, आणि तशाही फार बोलत नाहीत.

यंदा आमची योमरीची पुनवही चार डिसेंबरलाच आहे. फार चांगला योग. तुझ्या हातून होईल.

तुझी सानुकाकू


पालेगाव
सोमवार, १७ नोव्हेंबर

आदरणीय सानुकाकू,

तुमच्या पत्रात लाल पेनाला मला काही काम मिळाले नाही. आभार.

काल, रविवारी, पहिला प्रयत्न केला. तुम्ही 'मोदकासारखंच समज' असे लिहिले होते. त्या वाक्याला धरून मी चालले. बाजारातून मोदकाची पिठी आणली. पातेल्यात पाणी, तूप, मीठ घालून उकळले, पिठी वैरली, झाकण ठेवून वाफ आणली आणि उकड काढली. सारणात नारळ घातला, कारण आई लांबून म्हणाली, "खोबऱ्याबिगर सारन? मंग ती चटनीच." मोदकपात्रात परसातली हळदीची पाने अंथरली. एकूण बारा योमऱ्या ठेवल्या. घड्याळ लावून पंधरा मिनिटे थांबले.

काही योमऱ्यांना तडे गेले. सारण थोडे बाहेर आले. शेपट्यांच्या बाबतीतही काहीशी अडचण जाणवली. आईने झाकण उचलून आत पाहिले आणि, "हे मासं नाय गो, ही आमटी," एवढा अभिप्राय देऊन ती निघून गेली.

न्हुजापासून हे लपवणे शक्य नव्हते. वास इमारतीपर्यंत गेला होता. तिने वाटी घेतली आणि चमच्याने खाऊ लागली. मला बरे वाटावे म्हणून तिने दोनदा घेतले, हे मला कळले. खाता खाता ती म्हणाली, "आजीच्या अशा फुटायच्या नाहीत." मी विचारले, आणि आईच्या? ती म्हणाली, "आई तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालायची."

हे वाक्य मी केवळ नोंदवीत आहे. त्याचा अर्थ लावण्याचा मला अधिकार नाही.

पुढे काय बदलावे, हे कृपया कळवावे. सतरा दिवस उरले आहेत.

आपली नम्र,
तेजस्वी

पाठविले : सोमवार, १७ नोव्हेंबर, दुपारी ४ वाजून ५ मिनिटे


खोकना
२१ नोव्हेंबर

तेजस्वी,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू नुसतं नोंदवलंस. मी चार दिवस ते उगाळत बसले.

न्हुजा खरं बोलली. मी कपडे वाळत घालायचे. वाळलेले असले तरी घालायचे.

मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी पुनवेला योमऱ्या केल्या. सगळ्या फुटल्या. चुलत सासवा, नणंदा, सगळ्या बघत होत्या. सासूबाईंनी फक्त माझ्यासमोरची परात ओढून घेतली. ती परात परत माझ्याकडे आली नाही. पालेगावला त्या आमच्याबरोबर सहा वर्षं राहिल्या. न्हुजाची चौथ्याची, सहाव्याची, आठव्याची माळ त्यांनीच केली. दहाव्याची माळ घातली आणि गावी परत आल्या. बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, किती सुंदर, कोणी केल्या? मी म्हणायचे, मी. सासूबाई तिथेच बसलेल्या असायच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून मला खोटं बोलता आलं.

तुलाही तसंच खोटं सांगितलं. डोळे मिटून करते म्हणाले. मला डोळे उघडे ठेवूनही येत नाही. मोदकासारखं समज, हे मी अंदाजाने लिहिलं होतं. तुझा गूळ, तुझा दिवस माझ्यामुळे वाया गेला.

आता तू सोडून दे. न्हुजाला मी समजावते. स्टेशनजवळच्या दुकानातून बारा मोदक आण, दोऱ्यात ओव, घाल गळ्यात. तिला राग येणार नाही.

सासूबाईंना विचारू म्हणशील. त्यांनी कधी शिकवलं नाही, मी कधी विचारलं नाही. सोळा वर्षं झाली. आता त्यांना कुशीवर वळवताना, अंग पुसताना हे कुठून काढू?

सानुकाकू


पालेगाव
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आदरणीय सानुकाकू,

आधी माझेही एक खोटे दुरुस्त करते. 'काही योमऱ्यांना तडे गेले' असे मी लिहिले होते. काही नव्हे; बाराच्या बारा फुटल्या. शेपटी एकीलाही नव्हती. तेव्हा आपण दोघी बरोबरीत आहोत.

आज दुपारी न्हुजाचे दप्तर आवरताना निबंधाचे चार तुकडे सापडले. तिने ते टाकले नव्हते, भूगोलाच्या पुस्तकात ठेवले होते. मी ते खळ लावून जोडले आहेत.

म्हणून क्षमा करा, मी सोडणार नाही. दुकानातले मोदक कितीही चांगले असले तरी त्यांची माळ म्हणजे न्हुजाने निबंधात खोटे लिहिले असे होईल.

तुम्हाला विचारणे कठीण जाते, हे मी समजू शकते. विचारणे कठीण जाणाऱ्यांत माझा क्रमांक फार वर लागेल. म्हणून विचारणारी मी आहे असे समजा, तुम्ही केवळ वाचून दाखवा. खालील प्रश्नपत्रिका सासूबाईंना द्यावी.

प्रश्न १. पीठ विस्तवावर उकडावे की न उकडावे?
प्रश्न २. बोटावर पीठ लांब करताना ते फाटते. का?
प्रश्न ३. सारण वाफेत उकळून बाहेर येते. उपाय सांगा.

सर्व प्रश्न सोडविणे आवश्यक आहे. वेळेचे बंधन नाही. तथापि तेरा दिवस उरले आहेत.

आपली नम्र आणि हट्टी,
तेजस्वी

पाठविले : शुक्रवार, २१ नोव्हेंबर, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटे


खोकना
२९ नोव्हेंबर

माझ्या मास्तरीणबाईंना सानुकाकूचा नमस्कार.

उशीर झाला. रागावू नकोस, कारण वाच.

तुझी प्रश्नपत्रिका मी कागदावर उतरवून तीन दिवस पदरात घेऊन फिरले. चौथ्या दिवशी सासूबाईंना डाळ भरवताना कागद काढला आणि नेवारीत वाचला, शाळेत वाचतात तसा, मान वर न करता. 'सर्व प्रश्न सोडविणे आवश्यक आहे' हेही वाचलं. त्या हसल्या. तेजस्वी, पडल्यापासून त्या हसल्या नव्हत्या. हसल्यावर खुबा दुखला, मग मला शिव्या दिल्या, मग परत हसल्या. विचारलं, ही परीक्षा कोण घेतंय? मी म्हटलं, समोरच्या घरातली मुलगी, भाकरीवालीची.

तर म्हणाल्या, "भाकरीवालीच्या घरात राहून ती मला पीठ विचारते?"

सहा वर्षं आमच्या खिडकीतून त्या तुझ्या आईचे हात बघत बसायच्या म्हणे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. माझ्या मनात यायचं, म्हातारी रस्ता बघत बसलीय.

आता उत्तरं. त्यांनी सांगितली त्याच क्रमाने, म्हणजे उलटसुलट.

तीन नंबर : नारळ काढ. ओलं सारण पीठ फोडतं. गूळ आटवून, तीळ घालून, थाळीत थापून कडक होऊ दे. मग खडे कर आणि खडे भर. वाफेत ते आतल्या आत वितळतात.

एक नंबर : विस्तव नको, तूप नको, मोदकाची पिठी नको. भाकरीचं पीठ, नव्या तांदळाचं. परातीत कढत पाणी ओतून मळ, तुझी आई मळते तसंच, तळहाताच्या टाचेने. बोटाला मोहरीचं तेल लाव.

दोन नंबर : खरी मेख हीच. हे सांगायला त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, सगळ्या पोरी बोट फिरवतात. बोट फिरवायचं नाही. बोट उभं राहतं, पीठ फिरतं. दुसऱ्या हाताने फिरवायचं, सावकाश, घाई केली की फाटतं.

मी लिहून घेत होते. त्यांनी पेन काढून घेतलं. परात मागवली. पीठ मागवलं. मला वाटलं, पडल्या पडल्या स्वतः करणार. त्यांनी परात माझ्याकडे सरकवली.

पहिल्या दिवशी दोन फुटल्या, एक राहिली. दुसऱ्या दिवशी पाच राहिल्या. त्या बघत होत्या आणि मधूनच माझ्या मनगटावर टिचकी मारत होत्या, बोट हललं की टिचकी. माझं मनगट लाल झालंय. मला किती बरं वाटतंय, तुला काय सांगू.

आज तुझा मेसेज येण्याआधीच पाठवते. पाच दिवस आहेत. बोट हलवू नकोस.

तुझी सानुकाकू

(वेळ : सकाळचे साडेनऊ. बघ, मलाही लिहिता येते.)


पालेगाव
गुरुवार, ४ डिसेंबर

आदरणीय सानुकाकू आणि आदरणीय सासूबाई,

हे पत्र दोघींना आहे. काकूंनी वाचून दाखवावे, या वेळी मान वर करून.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही माळ पाहिलीत. बारा मोजल्यात. फोन मी धरला होता. मात्र कॉल मध्येच तुटला, आणि तुम्ही पाहिलेत ते निम्मेच होते. उरलेले क्रमाने लिहिते.

तुमचे पत्र मी आईला वाचून दाखविले. 'भाकरीवालीच्या घरात राहून' या वाक्याला तिने चुलीवरचा तवा उतरवून ठेवला. मग म्हणाली, "ती म्हातारी माझं हात बगत व्हती? मना वाटलं माझी भाकर बगते. एकदा न्हेऊन दिली पायजेल व्हती." आणि दोन नंबरचे उत्तर ऐकल्यावर तिने परात ओढली. "मंग यात नवा काय हाय? भाकर थापतांना हात जाग्यावर, भाकर फिरते. इतकी वर्सं मागं बसून काय वाचत व्हतीस?"

तरीही पिठाला तिने हात लावला नाही. नव्या तांदळाचे पीठ काढून दिले, पाण्याचा कढ ओळखायला शिकविले, आणि मनगटावर टिचकी मारण्याचे काम उत्साहाने अंगावर घेतले. रविवारी बारांपैकी तीन राहिल्या. सोमवारी सात. मंगळवारी पुन्हा सातच, कारण मी घाई केली. काल दहा. फुटलेल्या सगळ्या आळीतल्या मुलांनी फस्त केल्या. त्यांना माझे यश नकोसे होते.

आज मार्गशीर्षातला गुरुवार. आईचा उपवास, सकाळीच घट मांडलेला, घरभर धुपाचा वास. ती म्हणाली, लक्ष्मीच्या दिवशी नव्या तांदळाचा, म्हणजे लक्ष्मीचाच पदार्थ, आज फुटायची हिंमत होणार नाही. मी सकाळी सात वाजता पीठ मळायला घेतले. बोटाला तेल लावले. बोट उभे केले आणि डाव्या हाताने पीठ फिरवू लागले. काकू, पाचव्या योमरीपासून मी मोजणे सोडून दिले. मी कधी काही मोजायचे सोडले असेल, असे मला आठवत नाही. पीठ स्वतःहून वर सरकत होते, टोक बारीक होत होते, आणि माझ्या डोक्यात एकही वाक्य नव्हते.

बारा वाफवल्या. झाकण उचलताना आई माझ्यामागे उभी होती. वाफ सरली. बारा पांढऱ्या, चकचकीत, अखंड. बारा शेपट्या.

आई एवढेच म्हणाली, "हं." दीडशे भाकऱ्यांनंतर ती स्वतःला जे म्हणते, तेच.

ओवण्याची चिंता होती. शिवणाचा दोरा योमरीला कापतो, हे काल कळले होते. माझी आत्या उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात काम करते. ती जीन्स शिवायचा जाड नारिंगी दोरा आणि जाड सुई घेऊन आली. माळेत जो नारिंगी रंग तुम्हाला दिसला आणि सासूबाईंनी ज्याला झेंडू म्हटले, तो तोच.

माळ तयार झाल्याचे न्हुजाला आम्ही सांगितले नव्हते. ती पाच वाजता आली ती पाच मैत्रिणींना घेऊन, आणि त्यांत कीर्तीही होती. मागाहून कळले की न्हुजाने तिला मुद्दाम बोलावले होते. माळ नाही झाली तर नाही, पण पळायचे नाही, असे तिने ठरवले होते. मी माळ तिच्या गळ्यात घातली. जड होती, तिची मान किंचित पुढे गेली. तिने एकेका योमरीला हात लावत बारापर्यंत मोजले. मग तुम्हाला कॉल लावला.

सासूबाई नेवारीत जे बोलल्या ते न्हुजाने आम्हाला सांगितले : शेपट्या लांब आल्या; जितकी लांब शेपटी, तितकी थंडी लवकर पळते. त्यावर आई म्हणाली, "आमच्याकडं थंडी हाय कुटं, पलवाला?" हे तुम्हाला ऐकू आले की नाही ठाऊक नाही, कारण तेवढ्यात कॉल तुटला.

आता जे तुम्ही पाहिले नाही ते.

मी जोडलेला निबंध न्हुजाने दप्तरातून काढला आणि माझ्यापुढे धरला. "ताई, तू वाच." मी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "माझा वाचून झालाय. आता तू." सहा मुली, आई, आत्या, दारात न्हुजाचे बाबा, सगळे माझ्याकडे पाहत होते. शाळेत बक्षीस घ्यायला जातानाही मी जमिनीकडे पाहत जात असे. मी कागद घेतला. जोडलेल्या जागी अक्षरे थोडी सरकली आहेत, तिथे अडखळले. बाकी वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मोठ्याने. माझा आवाज दाराबाहेर जातो, हे मला आज कळले.

कोणी हसले नाही. न्हुजाने माळेतली एक योमरी सोडवून कीर्तीला दिली. तिने शेपटीकडून चावा घेतला आणि गूळ मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. ती चाटत म्हणाली, "ह्याला मोमो नाय म्हणायचं का मग?"

न्हुजा म्हणाली, "म्हण की. पण दुसरी मिळणार नाय."

कीर्तीने दुसरी मागताना 'योमरी' म्हटले. तिसरी मागतानाही.

सगळ्या गेल्यावर न्हुजा स्वयंपाकघरात आली. परातीत मूठभर पीठ उरले होते. तिने निबंधाची शेवटची ओळ वाचून दाखविली : 'बारानंतर माळ नाही.' मग मला विचारले, "माळ नाही म्हणजे करायचीही नाही असं आहे का?" मी म्हणाले, तसे कुठे लिहिलेले नाही. तिने बोटाला तेल लावले. तिचे बोट लगेच फिरू लागले. मी तिच्या मनगटावर टिचकी मारली.

तेरावी योमरी तिने केली. शेपटी वाकडी आहे, पोटाला एक खळगा आहे, पण ती फुटलेली नाही. तुमच्याकडे पुनवेची योमरी धान्याच्या कोठीत ठेवतात आणि चौथ्या दिवशी प्रसाद म्हणून खातात, हे न्हुजाने सांगितल्यावर आईने नव्या तांदळाच्या निळ्या पिंपाचे झाकण काढले आणि ती योमरी स्वतःच्या हाताने तांदळात ठेवली. आमच्या हवेत चार दिवस टिकणार नाही, दोन दिवसांतच खाऊ, असे तिने परस्पर ठरवले आहे. सासूबाईंनी राग मानू नये. तोवर भाकऱ्यांसाठीही पिंप उघडायचे नाही, असा घरात हुकूम आहे.

निबंधाच्या शेवटच्या ओळीखाली न्हुजाने आत्ता एक ओळ वाढवली आहे. 'बारानंतर माळ नाही, कारण बारानंतर करायला शिकतात.' रीत म्हणून हे खरे आहे का, हे सासूबाईंना विचारून कळवावे. खोटे असेल तर मी लाल पेनाने गोल करीन. पण सासूबाईंनी ते खरे ठरवावे, अशी आमची तिघींची विनंती आहे.

उत्तर फोनवरून दिलेत तरी चालेल. मी उचलीन.

तुमची,
तेजस्वी

पाठविले : गुरुवार, ४ डिसेंबर २०२५, सायंकाळी ७ वाजून ५२ मिनिटे